वेणीचे सहा टाके

"ताई, या वेळी मफलर नको आणू," मधुवंती फोनवर म्हणाली. मधुवंती माझी धाकटी बहीण. तिच्या लेकीला, गार्गीला, मुलगी झाली होती आणि सव्वा महिन्याने वडनेर भोलजीला बारसे होते. "घरातल्या हरेक लेकराले तू मफलरच देलं. चिन्मयच्या बारशाले तं मे महिना होता!"

मफलरला बाही नसते, गळा नसतो, चुकायला जागा नसते. पण या वेळी बाळंतविड्यात माझा मफलर निघाला की सगळे हसणार, हे मला स्पष्ट दिसले. मी म्हटले, "स्वेटर आणते. समोर वेणीची वीण असलेला."

सव्वीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे चाचणीशिवाय मला काही सुरू करता येत नाही. मी साईच्या रंगाच्या लोकरीचे नमुने विणायला घेतले. चार इंची चौकोन, प्रत्येकाला चिठ्ठी: सुईचा नंबर, टाके, रुंदी. अकरा झाले. तीन आठवडे गेले.

शेजारची मुबीना अर्ध्या संग्रामपूरचे स्वेटर विणते. तिचा धीर सुटला. "मॅडम, चौकोनच विणून राह्यल्या काय? पोरीचं लग्न लागीन तवा घालीन ते स्वेटर!"

मग मी सुरुवात केली. पाठ झाली, एक बाही झाली, दुसऱ्या बाहीत लोकर संपली. हिशेब स्वेटरचा केला होता, नमुन्यांचा नाही. दुकानातली नवी लोकर पिवळट निघाली. अकराही चौकोन उसवले. चिठ्ठ्या उरल्या.

बारशाआधीच्या शुक्रवारी मुबीना भाचीच्या मेहंदीहून आली, कोपरापर्यंत दोन्ही हात ओले. समोरचा भाग पाहून तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"मॅडम, ही वेणी उलटी पलटली."

चूक नऊ ओळी खाली होती.

"उसवते," मी म्हणाले.

"आन् बाह्या कवा जोडसान? परवा बारसं हाय! वेणीचे सहा टाके सुईवरून सोडा, खालपर्यंत उतरू द्या. वेणी सरळ पलटवा, मंग क्रोशाच्या सुईनं एकेक ओळ वर घ्या."

"आधी दुसऱ्या लोकरीवर करून पाहते."

"या अल्ला! पुन्हा चौकोन? माह्या हाताले मेहंदी नसती ना, तं हिसकूनच घेतलं असतं!"

मलाही तेच हवे होते, हे कबूल करते. पण तिचे हात हवेत होते. मी सहा टाके सोडले. ते सरसर उतरले. चुकीच्या पिळापाशी मी त्यांना अडवले, पीळ फिरवला आणि वर चढू लागले.

"घट्ट वढू नका."

"ओढत नाहीये."

"मले दिसून राह्यलं!"

नववी ओळ सुईवर आली तेव्हा तिची मेहंदी वाळून माझ्या सतरंजीवर गळत होती. तिने वाकून पाहिले. "मॅडम, आता चूक कायी समजत नाही," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

रविवारी मधुवंतीने स्वेटर सगळ्या बायकांत फिरवला. "ताई, खरं सांग, इकत आणलं ना?"

मला संताप आला. मी स्वेटर उलटा केला आणि आतल्या बाजूने तिला ते सहा टाके दाखवले. तेवढे थोडे घट्ट आले आहेत.