माझ्या जागेवर पांढरी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना पोटपट्टा आहे. पोटपट्टा म्हणजे बाळंतिणीचं पोट आवळून बांधायचं लांबलचक फडकं. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात ठमाबाईंची सून नीराबाई बाळंत झाली, तेव्हा ठमाबाईंनी आपल्या जांभळ्या लुगड्यातून मला फाडलं. धुऊन धुऊन मी सायीसारखा मऊ झालो. शेजारच्या बाळंतिणीही मला मागून नेत. "नीराबायचा पट्टा बांधला की कंबर धरते गो," असं बायका म्हणायच्या आणि मी फुगून जायचो.

यंदा नीराबाईंच्या सुनेच्या, किशोरीच्या गर्भपिशवीत गाठ निघाली. अलिबागला पोटावर ऑपरेशन करून पिशवी काढली. ती घरी येणार म्हणून मला ट्रंकेतून बाहेर काढून ठेवलं होतं. पण तिच्या पोटावर आधीच कुणीतरी बसलं होतं. एक पांढरी, चिकट, वीतभर पट्टी! ना रंग, ना काठ. कालची पोर, आणि माझ्या जागेवर!

नीराबाई मला उलगडत म्हणाल्या, "बांधते गो पोट. न्हायतर सुटेल."

"नको आये. सिस्टर बोलल्या, टाक्यांवर काय बांधायचं न्हाय. घाम धरतो, जखम पिकते."

"मंग आमची पोटं काय सिस्टरला इचारून भरून आली?"

किशोरीला हसू फुटलं आणि लगेच ती कळवळली. "हसवू नका ओ, टाके ओढतात!"

त्या पट्टीचा थाट काय सांगू! तिच्याजवळ जायचं तर आधी साबणाने हात धुवायचे. तिला पाणी लागू द्यायचं नाही. जवळ तेल-हळद आणायची नाही. माझ्यासाठी कुणी कधी हात धुतले होते का? मी आपला बोंबलांशेजारी वाळणारा! किशोरीची लेक हेमालीही त्या पट्टीवर डोळे वटारायची, कारण तिच्यामुळे आईच्या मांडीवर बसणं बंद झालं होतं. आम्ही दोघं एकाच पक्षातले.

मग किशोरीला खोकला लागला. प्रत्येक ढासेला टाके ओढत. शेवटी तीच म्हणाली, "आये, बांधा तो पट्टा. सोसत न्हाय आता."

आली माझी वेळ! नीराबाईंनी मला हातात घेतलं, सुनेची साडी सैल केली आणि त्या थांबल्या. पट्टीची कड ओली होती. भोवतालची कातडी लाल, गरम.

"कवापासून गो?"

"सकाळपासून. तुमचा मासळीचा बाजार बुडेल म्हणून बोलले न्हाय."

"बाजार गेला खाडीत! ऊठ."

पुन्हा एकदा मला हातात घेऊन कुणी बांधलं नाही. रिक्षात मी किशोरीच्या मांडीवर चोळामोळा होऊन पडलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली, औषध दिलं. म्हणाल्या, "वेळेत आलात. वरून हे बांधलं असतं, तर ओल आत कोंडली असती आणि कुणाला दिसलीही नसती." मी शरमलो, पण चडफडलोही. मग सिस्टरनी माझी जाड घडी केली. "खोकला आला की ही साडीवरून दोन्ही हातांनी धरायची. बांधायची नाही."

तेव्हापासून प्रत्येक ढासेला किशोरी मला पोटाशी धरू लागली. टाके ओढणं कमी झालं. जखम भरली. पट्टी निघाली आणि कचऱ्यात गेली. बिचारी एका शब्दानेही कुरकुरली नाही. मला मात्र तिचा हेवा अजून आहे. कातडीला लागून तीच होती ना!

मित्रांनो, तुमच्या आईचं, मावशीचं असं ऑपरेशन झालं, तर हात धुतल्याशिवाय जखमेजवळ जाऊ नका. ती कोरडी राहू द्या. ओली, लाल दिसली किंवा ताप आला, तर कुणाचाही बाजार बुडू द्या, पण डॉक्टरांना लगेच दाखवा. आणि आमच्यासारख्या जुन्यांना टाकून देऊ नका, आमची जागा तेवढी दाखवा.

काल हेमाली आईच्या मांडीवर बसून बाहुलीचं ऑपरेशन करत होती. मी आशेने पाहिलं. पण तिने बाहुलीच्या पोटावर पांढरा कागद चिकटवला. तिथेही तीच! नीराबाई कौतुकाने वाकल्या, तशी हेमाली ओरडली, "आजी, आधी हात धू!"

नीराबाई निमूट मोरीकडे गेल्या. मी घडी होऊन बसलो, बाहुलीला खोकला कधी येतो त्याची वाट बघत.