गालातला मका

मक्याचा भाव असा गडगडला होता, की व्यापारी ढिगाकडे न बघताच आकडा सांगायचे आणि सासरे तो पुरता न ऐकताच माघारी फिरायचे. आता सगळी भिस्त सरकारी हमीभावावर. तो जवळपास दुप्पट. पण ओलावा चौदा टक्क्यांच्या वर निघाला, तर माल आल्या पावली परत. त्यात आज खरेदी केंद्राचा शेवटचा दिवस, म्हणून सगळं घर मका घेऊन केंद्रावर रांगेत.

मका खडखडीत वाळवला होता, तरी सुनेच्या जिवाला घोर. बाळ कडेवर आणि नजर चौफेर: ट्रॉलीचं चाक, पंख्याची लोंबती वायर, पोती शिवायचा दाभण.

"अगं, जरा दम खा," सासूबाई म्हणाल्या. "पळून जातोय का तो?"

"पळत नाही हो आई, पण तोंडात काय घालेल, नेम नाही!"

घातलंच होतं. गाल टम्म! तिनं घाईघाईनं बोट घालून लाळेत भिजलेले दाणे काढले आणि अन्न टाकायचं कसं, म्हणून शेजारच्या वाडग्यातल्या मक्यात टाकले.

वाडगा नमुन्याचा होता. केंद्रावरच्या तपासनिसानं तोच ओलावा मोजायच्या यंत्रात ओतला. "सतरा. काका, परत न्या."

"मशीन बिघडलंय तुमचं!" सासरे कडाडले आणि पोत्यावरच ठाण मांडून बसले.

सुनेनं रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं. गप्प बसावं, तर वर्षाची मेहनत मातीमोल. बोलावं, तर चारचौघांत शोभा.

"साहेब, मका ओला नाही. ते दाणे... याच्या तोंडातले आहेत."

तपासनिसानं बाळाकडे पाहिलं. बाळानं दोन दात दाखवले.

"म्हणजे मी लाळ मोजली?"

"थोडी मोजलीत."

रांगेत हशा पिकला. सासूबाईंनी नातवाला उचललं आणि थेट फाटकाबाहेर नेलं. तपासनिसानं यंत्र पुसलं, पोत्याच्या तळातून नवा नमुना काढला. सुनेनं डोळे मिटले.

"तेरा. घ्या वजनाला!"

सासरे ताडकन उठले. "अहो, आमचा तपासनीस तुमच्यापेक्षा कडक! दाणा चावल्याशिवाय पास करत नाही."

सून धावत फाटकाशी गेली, बाळाच्या तोंडात पुन्हा बोट घातलं. अजून एक दाणा! सवयीनं तिनं वाडगा शोधला, मग जीभ चावली आणि दाणा मुठीत घट्ट धरून ठेवला, शेवटचं पोतं काट्यावरून उतरेपर्यंत.