काचेतला लाल रंग

शरदाचं कोवळं, केशरभिजलं ऊन प्रयोगशाळेच्या खिडकीतून उतरलं आणि काचेच्या उथळ थाळीवर विसावलं. थाळीत बुरशी उमलली होती. आंबोलीच्या धुकंभरल्या रानात, कुजत्या ओंडक्यावर ती हेमांगीला सापडली होती. आता तिच्यातून रंग पाझरत होता. जास्वंदलाल, कुंकुमगर्भ, मंद मंद पसरणारा.

जखमेत पू करणारे जिवाणू त्या रंगाला शिवत नव्हते. लाल ठिपक्याभोवती निर्मळ, नितळ वलय उमटलं होतं, चंद्राला खळं पडावं तसं.

त्या वलयात हेमांगी हरवली. सकाळ हरवली, सांज हरवली. भाद्रपदात आईचा फोन आला होता; पायाला जरा लागलंय, म्हणाली होती. हळद लाव, म्हणून हिनं फोन ठेवला आणि पुन्हा रंगावर झुकली.

दिवाळीला ती सावंतवाडीला घरी आली. दारी रांगोळी, उंबऱ्यावर झेंडू, ओसरीवर उटण्याचा दरवळ. त्या दरवळाखाली आणखी एक वास होता, दबलेला, गोडसर, कुजका. प्रयोगशाळेत तो तिच्या रोजच्या ओळखीचा होता.

आईनं पाय घाईघाईनं पातळाखाली ओढून घेतला.

रुग्णालयात डॉक्टरांनी हेमांगीला विचारलं, मधुमेह कधीपासून, जखम कधीची. सारं सांगितलं ते शेजारच्या सुमित्राकाकूंनी. हेमांगीची मान खाली गेली, ती खालीच राहिली.

पायाचा अंगठा काढावा लागला.

घरी आल्यावर एका निवांत, पिवळ्या दुपारी आईनं विचारलं, "हेमा, तुझ्या त्या लाल रंगानं भरली असती का गं जखम?"

"नाही आई. तो अजून काचेतच आहे. माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील. पण मी वेळेवर पाहिलं असतं, तर साध्या औषधानंही भरली असती."

"तू कामात होतीस, बाय."

त्या स्वरात रागाचा लवलेश नव्हता. असता तर बरं झालं असतं.

हेमांगीनं कोमट पाण्याचं घमेलं आणलं. पट्टी बांधलेला पाय उशीवर जपून ठेवला आणि दुसरा पाय, धड, थकला, मातकट पाय, ओंजळीत घेतला. टाचेला भेगा होत्या, खोल, जुन्या, कधी न पाहिलेल्या. एकेका भेगेवरून तिचं बोट फिरत राहिलं. पाणी गढुळलं. पाणी निवलं. आणि आईच्या पावलावर झुकलेलं तिचं मस्तक, आईनं हळूच हात ठेवला तरी, वर उठलं नाही.