विंगेतला खोकला

नाटक कंपनीत सगळे त्यांना कुजबुजकाका म्हणत. चाळीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून ते नटांना विसरलेली वाक्यं पुरवत आले होते. प्रेक्षकांनी आपला आवाज कधी ऐकला नाही, हाच त्यांचा एकमेव गर्व. मग रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि कोरडा खोकला पाचव्या रांगेपर्यंत पोचू लागला.

"काका, महिनाभर बघतो," व्यवस्थापक म्हणाले. "मग नायकाच्या कानात यंत्र बसवतो. यंत्राला घसा नसतो."

काका डॉक्टर भाचीकडे गेले.

"मामा, शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं पेप्टाइड असतं. प्रथिनाचा इवलासा तुकडा. कुठे लागलं की ते रक्तवाहिन्या सैल करतं, सूज आणतं, ठणका लावतं."

"आगलाव्या मेला!"

"अहो, मदतीसाठी बोंब मारतं ते. काम झालं की एक एन्झाइम त्याचे तुकडे करतं. तुमची गोळी त्या एन्झाइमलाच घरी बसवते. दाब उतरतो, पण हा पाहुणा घशात मुक्काम ठोकतो. गोळी बदलून देते. खोकला हळूहळू जाईल."

दुपारच्या तालमीत काकांचा डोळा लागला. विंगेचे लाल पडदे मऊ झाले, श्वास घेऊ लागले. आत दूरवर एका स्टुलावर कुणी किडकिडीत गृहस्थ कुजबुजत होते, "आता सूज... आता ठणका..." आणि भिंती आज्ञाधारकपणे फुगत होत्या.

"तुम्हीही आमच्यातलेच?" काकांनी विचारलं.

"हो. मी नसलो तर जखम आपलं वाक्य विसरते."

"मग आता घरी जा की."

"निघालोच. पण आठवण काढाल हं."

तीन आठवड्यांत खोकला गेला. पुढच्या प्रयोगाला व्यवस्थापक मुद्दाम विंगेत येऊन उभे राहिले. तिसऱ्या अंकात नायकाला कबूल करायचं होतं, "पत्र मीच जाळलं." नायक गप्प. काकांनी वाक्य पुरवलं, पुन्हा पुरवलं. नायक ढिम्म. त्याचे डोळे कशाची तरी वाट बघत विंगेकडे लागलेले. तेव्हा काकांच्या लक्षात आलं, की इतके दिवस पठ्ठ्या आपल्या खोकल्यावरच तोंड उघडत होता.

काकांनी व्यवस्थापकांकडे पाहिलं. स्टुलावरून शेवटचा हात फिरवला आणि पाचव्या रांगेपर्यंत जाईल असं खोकले.

"पत्र मीच जाळलं!" नायक हंबरला. टाळ्या पडल्या.

व्यवस्थापकांनी काकांना पुन्हा स्टुलावर बसायची खूण केली.

"यंत्राला," ते उसासून म्हणाले, "घसा नसतो."