कोरड्या ओढ्यावरची मोरी

मोरी म्हटलं की तुम्हांला भांडी घासायची जागा आठवते ना? हसा, खुशाल हसा! मी त्यातली नव्हे, मित्रांनो. चाकणच्या कंपन्या मागे टाकून एक रस्ता बोडक्या डोंगराकडे चढतो. त्या रस्त्याच्या पोटातून ओढ्याचं पाणी पलीकडे सोडणारी मी जुनी मोरी आहे. सिमेंटच्या दोन जाड नळ्या, दोन्हीकडे दगडी भिंती आणि पाठीवर डांबर. वय झालंय, पण अजून ठणठणीत आहे.

आमच्या भागात पाऊस बेताचाच. ढग येतात आणि नुसतेच पुढे निघून जातात. ओढा वर्षातले कितीतरी महिने खडखडीत कोरडा. मला बांधलं तेव्हा लोक म्हणालेही, "इथं कुठलं आलंय पाणी? कशाला हा उपद्व्याप?" पण बोडक्या डोंगरावर पाणी अडवायला ना झाड, ना गवत. एखाद्या वर्षी पाऊस कोसळला, की सगळं पाणी एकदम धावत सुटतं. तसं ते एकदा आलं, आणि मी त्याला खालून सरळ वाट करून दिली. रस्त्याचा खडासुद्धा हलला नाही. वस्तीवरच्या लोकांनी तेव्हा माझ्यापुढे नारळ फोडला. काय तो मान!

पुढे बरीच वर्षं पाणी आलं नाही आणि लोक मला विसरले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

वर वस्तीवर सरूबाई राहतात. त्यांचे यजमान धोंडीबा यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, त्यांना दिवसाआड डायलिसिससाठी पिंपरीला न्यावं लागतं. नेतो कोण? शेजारचा नानासाहेब. हा लातूरकडून आलेला माणूस. कंपन्यांत माल ठेवायच्या लाकडी चौकटी असतात ना, पॅलेट म्हणतात त्यांना, ती जुनी पॅलेट घेऊन विकतो. आपल्या पिकअपमध्ये तो धोंडीबांना पुढे बसवतो आणि कधी कुरकुर करत नाही. मनाने मोठा, पण डोक्याने... जाऊ द्या! पॅलेटच्या थप्प्या त्याने रचल्या कुठे? माझ्या वरच्या बाजूला, ऐन ओढ्यात!

"कोरडी जागा नुसती पडून हाय, मावशी. कुणाचं काय जातंय?" असं तो सरूबाईंना म्हणाला होता.

सरूबाईंना ते खटकत होतं. पण नवऱ्याचा जीव ज्याच्या गाडीवर, त्याला बोलायचं कसं? भिडेपोटी त्या गप्प राहिल्या. मी ओरडले असते, पण मला दोन तोंडं असून बोलता येत नाही.

गेल्या सप्टेंबरात एका दुपारी डोंगरावर पाऊस तुटून पडला. ओढ्याने सगळी पॅलेट उचलली आणि माझ्या तोंडात कोंबली. माझा श्वासच कोंडला हो! पाणी चढत चढत डांबराच्या कडेला टेकलं. ते रस्त्यावरून गेलं असतं, तर पलीकडचा भराव खणून रस्ताच घेऊन गेलं असतं. आणि वस्तीला दुसरा रस्ता नाही.

तेवढ्यात वरून पिकअप आली. आत धोंडीबा आणि सरूबाई. पाणी बघून नानासाहेबाने ब्रेक दाबला.

"माघारी जाऊ, मावशी. उद्या बघू."

"उद्या रस्ता ऱ्हाईल व्हय?" सरूबाई खाली उतरल्या. "मागं एक खेप चुकली तवा ह्यांना श्वास घेता येत नव्हता. नानासाहेब, तुमचे लई उपकार हायेत, म्हणून आजवर बोलले न्हाई. पण ती लाकडं तुमची हायेत. काढा ती!"

नानासाहेबाचा चेहरा पडला. "अहो, मग आदी नाही का सांगायचं!"

त्याने गाडीच्या दोराला लोखंडी आकडा बांधला आणि वरूनच फेकला. फळीत आकडा अडकला की सरूबाई कठड्यापासून ओरडायच्या, "घ्या!" आणि तो गाडी मागे घ्यायचा. आत बसलेले धोंडीबा "दमानं, दमानं!" म्हणत होते. एकेक पॅलेट निघत गेलं, मग सगळा गठ्ठाच सुटला आणि पाणी धडाधडा माझ्यातून पळालं. अहाहा, काय बरं वाटलं! रस्त्याची कड जरा खचली, पण पाठ शाबूत राहिली. पाणी उतरताच पिकअप माझ्यावरून पार गेली. धोंडीबांना उशीर झाला, पण त्यांची डायलिसिसची खेप चुकली नाही.

दुसऱ्या दिवशी नानासाहेबाने उरलेलं लाकूड माळावर हलवलं आणि घाम पुसत म्हणाला, "मावशी, इथून पुढं काही दिसलं, तर तोंडावर सांगायचं बगा."

सरूबाईंनी वाकून माझ्या आत पाहिलं. "सांगते की. ती दोन अजून नळीत ऱ्हायलीत!"

तो हसत पुन्हा खाली उतरला.

मित्रांनो, पिंपरीजवळ रावेतला, ताथवड्याला, तुमच्या रोजच्या रस्त्याखालीही माझ्या बहिणी आहेत. कोरड्या दिसल्या म्हणून त्यांच्यात कचरा ढकलू नका, त्यांची वाट अडवू नका. आणि अडवणारा आपलाच माणूस असला, तरी भीड न धरता त्याला सांगा. एवढं तुम्ही करा. पाण्याचं काय ते मी बघून घेते.