धडधाकट

कॉर्डेल गॅस्किनच्या मांडीचा स्नायू फाटला तो अमेरिकन फुटबॉलच्या शेवटच्या सराव सामन्यात, तोही झेल घेताना. चेंडू त्याने सोडला नाही. उठला, प्रेक्षकांकडे बघून हात केला आणि काही झालंच नाही अशा थाटात बाकावर जाऊन बसला. मांडीच्या मागे सुरी फिरत होती, पण सांगायचं कोणाला? संघ निवडायच्या तोंडावर जो दुखतंय म्हणाला, तो संपलाच.

एकतिसावं वर्ष आणि सहावा संघ. लांबून फेकलेला चेंडू पळत झेलायचा, हे रिसीव्हरचं काम; पण कॉर्डेल काही पोस्टरवर झळकणारा रिसीव्हर नव्हता. कुठे कोणी जायबंदी झाला की याला बोलावणं यायचं, तो बरा झाला की याच्या हातात नारळ. नऊ वर्षं हेच चाललेलं. यंदा मात्र शेवटच्या एका जागेसाठी दोघंच उरले होते, तो आणि मालाकाय नावाचं कॉलेजातून नुकतंच आलेलं पोरगं. पोरगं पळायचं भन्नाट, पण चेंडू हातातून सांडायचं. या खेपेला आपलं जमतंय, असं कॉर्डेलने बायकोलाही सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांची तपासणी होती. दुखण्याखुपण्याचं बघणाऱ्या व्हर्नाबाईंनी त्याच्या मांडीला हात लावला आणि तो लगेच काढून घेतला. डॉक्टर अजून पलीकडच्या खेळाडूपाशी होते.

"कॉर्डेल, दुखतंय का?"

"छे हो."

"आत्ता बोल. जखमी माणसाला क्लबला हाकलता येत नाही. वर्षभर पोसावं लागतं, पाय बरा करून द्यावा लागतो."

"आणि मग? वर्षभर खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्या घोड्याला पुढं विचारतंय कोण?"

"म्हणजे दुखतंय."

"मी कुठं म्हणालो तसं?"

डॉक्टर आले. एका पायावर उड्या मारायला सांगितल्या. कॉर्डेलने गालाचा आतला भाग दातांत धरला आणि मारल्या. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडात रक्ताची चव आली, पण चेहरा हसरा ठेवला. डॉक्टरांनी 'खेळण्यास योग्य' असा शेरा मारला. व्हर्नाबाई पुटपुटल्या, "गाढव आहेस."

मग वाट बघणं सुरू झालं. संघ ठरायच्या दिवशी हॉलिस नावाचा एक अतिशय सभ्य माणूस वगळलेल्यांना बोलवायला खेळाडूंच्या खोलीत फिरतो, आणि तो दारात दिसला की सव्वाशे किलोची धिप्पाड माणसं खाली वाकून बुटांच्या बांधलेल्या नाड्या पुन्हा बांधू लागतात. मालाकाय समोरच बसला होता. सकाळपासून दोनदा ओकून आला होता. हॉलिस दोघांच्या मधे येऊन थांबला.

"कॉर्डेल, कोचनी बोलावलंय. टॅबलेट घेऊन ये."

त्या टॅबलेटमध्ये संघाचे सगळे डाव असतात. तो परत मागितला की समजायचं, नारळ मिळाला.

मालाकायला रडूच फुटलं. "सॉरी दादा."

"तू कशाला सॉरी? चेंडू छातीशी धरायला शीक, गाढवा." एवढं बोलून कॉर्डेल ताठ पावलांनी निघाला. एकेक पाऊल टाकताना जीव जात होता.

कोच स्ट्रॅटन मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "बस. पोरगं तुझ्याहून वेगवान आहे, आणखी काय सांगू? पण ऐक. दुसऱ्या एका क्लबातल्या माझ्या मित्राचे दोन रिसीव्हर जखमी होऊन पडलेत. मी तुझं नाव टाकलंय. डॉक्टरांनी सकाळीच धडधाकट ठरवलाय म्हटलं. उद्या तुला पळवून बघतील. माझा शब्द आहे."

सातवा संघ! एक 'येतो' म्हणायचा अवकाश. पण उद्याचं मैदानही त्याला दिसत होतं. परकी माणसं, हातात घड्याळ, आणि पहिल्याच झेपेला कोसळलेला तो. त्यांच्याकडे कसला हक्क, कसले उपचार? वर कोचचा शब्दही मातीत. आणि इथं खरं बोललं तर वर्षभर पोसतील, पण म्हणजे आपल्याच तोंडाने आपला खेळ संपला म्हणायचं. येतो, येतो, असं ओठांवर आलं होतं.

"कोच, त्यांना नको म्हणून कळवा. माझी मांडी फाटलीय."

"सकाळी उड्या मारल्यास ना?"

"मारल्या. आता सांगा बघू मारायला."

तो उठला, त्या पायावर भार टाकला आणि टेबलावर आडवा झाला. कॉफी सगळ्या कागदांवर सांडली.

कोच भडकले. "अरे, मला तोंडघशी पाडणार होतास!" मग त्यांनी त्याचा घामाने भिजलेला चेहरा पाहिला आणि दार उघडून व्हर्नाबाईंना हाक मारली.

त्या बर्फ घेऊन आल्या. "सकाळी काय मूग गिळून बसला होतास?"

"खेळायचं होतं हो," कॉर्डेल म्हणाला, आणि त्याला पुढे बोलवेना.

"माहितेय रे बाबा. धर खांदा."

"नको. चालतो मी."

खेळाडूंच्या खोलीत सगळे बघत होते. नऊ वर्षांत पहिल्यांदाच कॉर्डेल सगळ्यांच्या देखत लंगडत चालला. फार बरं वाटत होतं त्याला, आणि रडू काही थांबत नव्हतं.