हुरड्याचं फूल

दत्ताजींनी बायकोवर गोष्ट लिहिली होती, आणि ती बायकोला कधीही कळणार नाही या एकाच भरवशावर लिहिली होती.

राजसबाई मराठीत बोलत, मराठीत भांडत, झोपेतही मराठीतच कुरकुरत. पण वाचायचं झालं की तमिळ. तंजावरच्या मराठी घरांत हे चालायचंच. देवनागरी ही त्यांच्या लेखी पोथीची लिपी होती, तिला नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. दत्ताजींचं उलटं. चेन्नईला गिंडीच्या कारखान्यात जन्मभर हिशेब लिहिता लिहिता त्यांनी पुण्याहून पुस्तकं मागवून मराठी कमावली होती. घरात बोलत ती मराठी त्यांना लिहिण्याजोगी वाटत नसे. त्यामुळे गोष्टीत त्यांनी तंजावरचं सातारा केलं, राजसबाईंची अलकनंदा केली, आणि मुलगी पाहायला उशिरा पोचलेल्या एका भित्र्या तरुणाची हकिकत पुस्तकातल्या उपमांनी नखशिखांत सजवली.

ती त्यांनी चारुलतेच्या हाती दिली, ती ‘सवड मिळाली तर चाळा, नाही मिळाली तर उत्तमच’ असं म्हणून. चारुलता मूळची नगरची. आठवडाभर शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरची नोकरी करायची आणि रविवारी दत्ताजींच्याच इमारतीत, वेस्ट मांबलमला, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मराठी मुलांचा वर्ग घ्यायची.

“काका, उपमा काय एकेक आहेत!” ती म्हणाली. “मुलांना नाहीतरी उपमाच शिकवायच्यात. मी गोष्ट वाचून दाखवते, मुलं चित्रं काढतील, आपण भिंतीवर लावू. सगळ्यांना बोलवू. काकूंनाही!”

नाही म्हणण्यासाठी दत्ताजींनी तोंड उघडलं आणि त्यातून “बरं” बाहेर पडलं. त्यांच्या तोंडाची ती जुनी खोड होती.

म्हणजे जे अक्षरांत लपवलं ते आता चित्रांत दिसणार. बाई ओळखणार. ओळखून हसली तर? त्याहून वाईट, गप्प बसली तर?

रविवारी गोष्ट ऐकून मुलं रंग घेऊन बसली. चारुलतेला ऑफिसचा फोन आला, ती बाहेर गेली, आणि मुलांनी मोर्चा लेखकाकडे वळवला. सगळी त्यांना ताता, म्हणजे तमिळमध्ये आजोबा, म्हणत.

“ताता, ‘सह्याद्रीच्या कड्यासारखी ताठ मान.’ कडा किती उंच असतो?” कुशलनं विचारलं.

“खूप उंच.”

“आपल्या बिल्डिंगपेक्षा?”

“कितीतरी.”

कुशलनं निमूटपणे आणखी एक कागद खाली चिकटवला.

“ताता, ‘हुरड्यासारखी कोवळी.’ हुरडा म्हणजे काय?” स्वरदानं विचारलं.

दत्ताजी चपापले. हुरडा त्यांनी पुस्तकात अनेकदा वाचला होता. तो कोवळा असतो, थंडीत येतो आणि त्याच्या आठवणीनं माणसं हळवी होतात, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाकीचं त्यांनी मनानं भरून काढलं होतं.

“फूल असतं,” ते म्हणाले.

“कुठला कलर?”

इथे थांबायला हवं होतं. पण मूल विश्वासानं बघत होतं.

“फिकट जांभळा. वास मंद असतो.”

संध्याकाळी चित्रं भिंतीवर लागली. पालक जमले. राजसबाई सुंडलचा, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचा, डबा काखेत घेऊन आल्या आणि पहिल्या चित्रापाशीच थबकल्या. एका बाईची मान पंख्याच्या उंचीला पोचली होती. मानेला मजले होते, मजल्यांना बाल्कन्या आणि बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे. शेजारच्या चित्रात अनयनं ‘शेकोटीच्या निखाऱ्यांसारखे डोळे’ काढले होते. शेकोटी चेन्नईत कुणी पाहिलेली. त्यानं दोन डोळ्यांच्या जागी गॅसचे दोन बर्नर काढले होते, पैकी एक बारीक.

“पाहा, हा मंद आचेवरचा डोळा!” कुणीतरी म्हणालं. हॉल हसला. दत्ताजी खांबामागे सरकले.

तिसरं चित्र स्वरदाचं. केसांत, कानांत, साडीवर, सगळीकडे जांभळी फुलं. खाली ताटभर भजी, दारात छत्री घेऊन घामाघूम झालेला एक तरुण.

“स्वरदा, ही फुलं कसली गं?” चारुलतेनं विचारलं.

“हुरड्याची. ‘हुरड्यासारखी कोवळी’ ना! ताता म्हणाले, फूल असतं.”

चारुलतेनं आधी ओठ आवळले. मग डोळे मिटले. मग ती भिंतीला टेकून हसत सुटली. “काका! अहो हुरडा म्हणजे ज्वारीच्या कणसातले कोवळे दाणे! शेतात बसून भाजून खातात, लसणाच्या चटणीबरोबर!”

राजसबाईंनी ते ऐकलं, पण वळून पाहिलं नाही. त्या ताटाकडे बघत होत्या.

“ही बाई मला ठावी नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “पण ही बज्जी माझी.”

त्या खांबाकडे वळल्या.

“अहो, त्या खांबामागून बाहेर या. मुलगी पाहायला उशीर करून कोण आलं होतं? कोणाची बज्जी गार झाली होती? ही मीच की नाही?”

“होय,” खांब म्हणाला.

“आणि मी भाजून खायची? चटणीबरोबर?”

“मला ते फूल वाटलं होतं,” दत्ताजी बाहेर येत म्हणाले. त्यांचे कान पेटले होते. “मी हुरडा पाहिलेला नाही. सह्याद्रीही पाहिलेला नाही. पुस्तकात होतं, ते तुला घातलं. चुकलंच.”

“अय्यो, रडू नका. मला पाहिलं होतं की नाही?”

“पाहिलं होतं.”

“मग सांगा की, मी कशी दिसूक होते? घरच्या भाषेत सांगा. पुस्तक नको.”

दत्ताजींनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना समोरची माणसं दिसत नसत, त्यानं जरा धीर आला.

“कुकर शिट्टी मारायच्या आधी,” ते म्हणाले, “बसल्या जागी थरथरतो ना? बाहेरून गप्प. आत सगळं उसळलेलं. तशी तू ताट धरून उभी होतीस. मला वाटलं, आता शिट्टी होणार. पण तू म्हणालीस, ‘घ्या.’ मी गार भजी खाल्ली, आणि मला दुसरी मुलगी पाहायचीच नव्हती.”

राजसबाईंनी पदराचं टोक उगीचच नीट केलं.

“सेरी, बरं,” त्या म्हणाल्या. “हें लिहायला काय झालं होतं?”

“कुकर साहित्यात चालत नाही.”

“कुणी सांगितलं?”

दत्ताजींनी खूप आठवून पाहिलं. सांगणाऱ्याचं नाव काही सापडेना.

“घरी ती गोष्ट मला वाचून दाखवायची,” राजसबाई म्हणाल्या. “आजच.”

“आजी,” मुलांतल्या सावनीनं मध्येच विचारलं, “आणि ताता तेव्हा कसे दिसत होते?”

राजसबाईंनी डबा खाली ठेवला. इतकी वर्षं हे त्यांना कुणी विचारलं नसावं.

“गच्चीवर वडाम वाळत घातलेत,” त्या म्हणाल्या, “आणि राखणीला एक माणूस बसवलाय. कावळा येतो, वडाम खातो. आणि हा माणूस हात जोडून विचारतो, ‘आपण जरा उठता का? आपली गैरसोय नसेल तर.’ अगदी तस्से!”

हॉल हसून कोसळला. मुलांनी कोरे कागद ओढले. गच्ची, तांदळाच्या कुरडयांसारखे ते वडाम, कावळे, सगळं त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

फक्त कुशलनं ब्रश वर धरला. “आजी, कावळा किती मोठा काढू?”

“ह्यांच्याहून थोडका मोठा,” राजसबाई म्हणाल्या.

दत्ताजींनी दाद मागायला हात जोडले, तशी सावनी ओरडली, “ताता, हात तसेच ठेवा!”

आणि ते तसेच, हात जोडून, उभे राहिले.